हरिचंद नाईकांची पुढची सीट

चैत्र सरत आला होता आणि आखाडा बाळापूरच्या रस्त्यावर डांबर बुटाच्या तळव्याला चिकटत होतं. अशा एका दुपारी हिंगोलीचा उजैर त्याच्या मामूच्या पिकअपमध्ये बर्फाची पेटी घालून निघाला. काम साधंच होतं. एक जुनी मोटार साफ करायची आणि दिवेलागणीच्या आत घरी परतायचं. एवढ्या साध्या कामाला निघालेल्या माणसापुढं त्या दुपारी काय वाढून ठेवलं होतं, ते सांगतो. तेवढा दिवा जरा अलीकडं ओढा, वारा सुटलाय.

उजैर काही वर्षं पुण्यात होता. श्रीमंतांच्या जुन्या मोटारी जिथं जपतात, तशा एका गॅरेजात. तिथं तो कोरड्या बर्फानं गाडी धुवायला शिकला. हा बर्फ पाण्याचा नसतो, गॅसचा असतो. साबुदाण्याएवढे पांढरे दाणे, हाताला लागले तर विस्तवासारखे चटकतात. ते हवेच्या दाबानं बंदुकीतून मारायचे. वर्षानुवर्षांचं वंगण, चिखल, काजळी गारठून तडकते आणि गळून पडते. खालच्या मूळ रंगाला ओरखडासुद्धा येत नाही. दाणे तिथल्या तिथं वाफ होऊन उडून जातात. पाण्याचा थेंब नाही, की गंज चढायची भीती नाही.

हे सगळं तो हिंगोलीत लोकांना समजावून सांगायचा. लोक मान डोलवायचे आणि बर्फाचा गोळा कधी मिळेल ते विचारायचे. शेजारच्या अफसानानं दिराच्या लग्नातल्या सरबतासाठी पेटी मागून पाहिली होती. उजैरनं आईला सांगून ठेवलं होतं की हा उन्हाळा बघतो, न्हाई जमलं तर मशीन घेऊन परत पुणे. तेव्हापासून खतीजाबी पाचही नमाजांत लोकांच्या मोटारी मळाव्यात म्हणून दुआ मागत होती.

ती दुआ बाळापूरजवळच्या एका तांड्यावर कबूल झाली. शंकरसिंगचा फोन आला. त्याच्या मुलीचं, निलमचं, दुसऱ्या दिवशी लग्न होतं आणि तिला आजोबांच्या अँबॅसिडरमधून सासरी जायचं होतं. आजोबा म्हणजे हरिचंद नाईक, तांड्यात पहिली मोटार आणणारे. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. गाडी तेव्हापासून हळदीच्या शेडमध्ये उभी होती. उजैरचा मामू जलालुद्दीन हा त्या गाडीचा जुना मिस्त्री. त्यानं आदल्या आठवड्यात इंजिन चालू करून दिलं होतं, पण गाडीवर आणि गाडीखाली इतका थर होता की ती मूळची कोणत्या रंगाची, यावर घरात दोन तट पडले होते.

"धुऊन काढायची तर पाणी लावू देत न्हाई याडी," शंकरसिंग शेडचं दार ढकलत म्हणाला. याडी म्हणजे त्याची आई, रूपाबाई. "बापूची ताकीद व्हती. पाणी लागलं की पत्रा सडतो म्हणायचे. म्हणून तुमाला बोलावलं."

शेडमध्ये थप्पीला लावलेली पोती होती आणि शिजवून वाळवलेल्या हळदीचा तो जड, मातकट वास होता, जो आधी नाकात जातो आणि मग डोक्यात जाऊन बसतो. मधोमध गाडी. पत्र्याच्या भोकांतून आलेले उन्हाचे कवडसे तिच्या टपावर पडले होते. उजैरला वाटलं, एखादं म्हातारं जनावर बसलंय. आपण आलोय हे त्याला कळलंय, पण उठायचा कंटाळा केलाय.

"तुमचे वडील स्वतः चालवायचे?" त्यानं विचारलं.

"छ्या. बापूला चालवता येत नव्हतं. ते डायवरच्या बाजूला, पुढं बसायचे. त्या सीटवर दुसऱ्या कोणाला बसू दिलं न्हाई जल्मात. याडी कायम मागं, पोत्यासंगं. आन् पूरा रस्ताभर एकच... हळू, हळू. सायकलवाला पुढं गेला तरी हळू." शंकरसिंग हसला. "एवढं जिवाला जपलं आन् गेले खाटेवर, झोपेत."

मांडवाची कामं होती म्हणून तो निघून गेला.

कॉम्प्रेसर बाहेर ठेवून मामू त्याच्याजवळ लिंबाच्या सावलीत बसला. हा गॅस जड असतो, खाली साचतो, आणि कोंडलेल्या जागेत माणसाला भोवळ आणतो. म्हणून उजैरनं दाराची एक फळी उघडी ठेवली होती. दुसरी उघडली की गरम वारा हळदीचा भुगा उडवत होता. त्यानं हातमोजे चढवले, चष्मा लावला, कानांवर जाड टोपणं बसवली, आणि बंदुकीचा खटका दाबला.

काम झकास चाललं. चिखलाच्या खपल्या तडातड उडत होत्या. खालून मूळचा पांढरा, सायीसारखा रंग वर येऊ लागला. कारखान्यात कोणीतरी खडूनं मारलेली खूणसुद्धा चॅसिसवर जशीच्या तशी निघाली. उजैर खूश झाला. पांढरी वाफ जमिनीवरून सरपटत चाकांभोवती साचली, पोत्यांना टेकली, आणि शेडमध्ये त्या भर उन्हात एक विचित्र गारठा पसरला.

आणि कानावरच्या टोपणाच्या आत, अगदी कानाशी, कोणीतरी म्हणालं, "हळू..."

उजैरनं खटका सोडला. बाहेर येऊन पाहिलं. मामू पाय पसरून विडी ओढत होता.

"मामू, तुम कुछ बोले क्या?"

"मैं? मैं तो आधे घंटे से मुँह नहीं खोला."

उजैर आत गेला. पुन्हा खटका दाबला. बोनेटवरून तो पुढच्या काचेकडं सरकला तसा आवाज परत आला. म्हातारा, घोगरा, जरा वैतागलेला. "हळू, लेकरा... काच हाय ती."

त्यानं काचेकडं पाहिलं. काचेवर बाहेरून हिमाचा पातळ पापुद्रा धरला होता. डाव्या बाजूला, बसलेल्या माणसाचं तोंड जिथं येईल तिथं, आतल्या बाजूनं ते हिम वितळून एक गोल झाला होता. गोल लहान व्हायचा, मोठा व्हायचा. लहान व्हायचा, मोठा व्हायचा. जसा कोणी श्वास घेतंय.

त्या गोलातून एक पांढरा पटका दिसत होता. पटक्याखाली पांढऱ्या मिशा. म्हातारा समोर बघत होता, रस्त्यावर नजर ठेवावी तसा.

उजैर बंदूक टाकून बाहेर पळाला नाही, असं तो पुढं सगळ्यांना सांगायचा. मामूच्या म्हणण्याप्रमाणं तो बंदूक हातात घेऊनच पळाला, आणि पाइप ताणला गेला म्हणून तिथं थांबला.

"गॅस चढ़ गया तेरे को," मामूनं निदान केलं. तो शांतपणे उठला आणि दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या. वाफ कोंडवाड्यातून सुटलेल्या मेंढरांसारखी दाटीदाटीनं बाहेर पडली. गरम वारा आत शिरला. उजेड झाला. "घे चांगली हवा. आता बघ, कुछ नहीं दिखता."

उजैरनं दोन-तीन वेळा छाती भरून हवा घेतली आणि पाहिलं. चांगल्या हवेत म्हातारा अजून ठळक दिसत होता. आता पटक्याचे पीळसुद्धा मोजता आले असते.

मामूला काहीच दिसत नव्हतं. पण पोराचा चेहरा पाहून त्यानं विडी विझवली आणि हलक्या आवाजात विचारलं, "मिशा कशा हायेत?"

"खाली वळलेल्या. डावी जरा आखूड."

"विडी पेटवताना जळली होती," मामू म्हणाला, आणि त्यानंतर तो दाराच्या आत एक पाऊलही आला नाही.

याच वेळी रूपाबाई चहा घेऊन आल्या. अंगावर आरशांची जुनी ओढणी, हातात बलोयांचा, त्या पांढऱ्या हस्तिदंती बांगड्यांचा भार, आणि चाल अशी की वाटेतल्या गोष्टींनीच बाजूला व्हावं. दोघांचे चेहरे पाहून त्यांनी चहा खाली ठेवला.

"काय झालं, जलालभाई?"

मामूनं इकडंतिकडं पाहिलं. "भाबी... हा म्हणतो, नाईक गाडीत बसून हायेत."

उजैरला वाटलं, आता म्हातारी किंचाळेल, लग्नघर गोळा होईल, आणि आपलं मशीन उद्या पुण्याच्या वाटेला लागेल. रूपाबाई किंचाळल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला.

"कुठं बसलेत?"

"पुढं. डाव्या बाजूला."

"असणारच," त्या म्हणाल्या. "उद्या मी पुढं बसनार हाय, निलमची पाठराखीण म्हणून. पोत्यासंगं लई बसले. त्यांना सांग, उठा म्हणावं."

"मावशी, तुमीच सांगा. ऐकू येत असंल त्यांना."

त्यांनी सांगितलं. खणखणीत आवाजात, आधी गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, आणि मग मराठीत. एका पोत्यातून मूठभर हळकुंडं घरंगळली, तेवढंच.

"काही म्हणाले?"

"बंदूक चालली तरच ऐकू येतं," उजैर म्हणाला. त्यानं टोपणं चढवून खटका दाबला. दाणे बाजूच्या पत्र्यावर फुटले. तो ऐकत राहिला, खटका सोडला, आणि अवघडून म्हणाला, "ते म्हणतात... मागं बस."

रूपाबाईंनी मामूकडं पाहिलं. "हे पोरगं थट्टा करून राहिलं का?"

"थट्टा न्हाई, भाबी. मिशी बराबर सांगितली."

"मंग त्यांना विचार, माझ्या हातचं त्यांना काय आवडायचं न्हाई."

उजैरनं खटका दाबला. या वेळी बंदूक जरा जास्त वेळ चालली. त्याच्या भुवया हळूहळू वर चढत गेल्या. शेवटी तो म्हणाला, "मावशी, लांबलचक हाय... सगळंच सांगू का थोडं?"

"राहू दे," रूपाबाई म्हणाल्या. "तेच हायेत."

आणि त्या पोत्यावर बसल्या. आवाज उतरला होता. "जेवण-खाण करतात का, विचार."

इथून पुढं उजैरची खरी तकलीफ सुरू झाली. कोरडा बर्फ कोणासाठी थांबत नाही. पेटीचं झाकण लावलेलं असलं तरी तो आतल्या आत उडत असतो, आणि त्या उन्हात तर बघता बघता. पुढची बाजू, बोनेट, खालचा सांगाडा झाला होता. दारं, आतला भाग आणि मागची पूर्ण बाजू राहिली होती. आणि रूपाबाईंच्या प्रत्येक प्रश्नाला मूठभर बर्फ खर्ची पडत होता. शेजारच्या तांड्यावरची ती हातभर गोंदलेली जिवनबाई गेली, ती भेटली का? तिनं माझी परात नेली होती, ती काय म्हणते? निलमचा नवरा, सुदाम, कसा वाटतो? म्हशीनं गेल्या वर्षी रेडाच का दिला?

"सुदाम बरा हाय म्हणतात," उजैर घामाघूम होऊन सांगत होता. "पण मोटारसायकल जोरात चालवतो. म्हशीचं त्यांना ठाऊक न्हाई. जिवनबाई भेटल्या न्हाईत, लई गर्दी हाय म्हणतात."

दाराबाहेरून मामू हळूच म्हणाला, "माझा सलाम सांग त्याला."

बंदूक फसफसली. "मामू, ते म्हणतात, नेलेला पान्हा परत दे."

बाहेर काडी ओढल्याचा आवाज आला. मग मामूचा आवाज आला, "त्याला म्हण, पान्हा हरवला."

उजैरनं पेटीत पाहिलं. तळ दिसू लागला होता. त्यानं हात जोडले. "मावशी, बर्फ उडून चालला. उद्या लग्न हाय. गाडी अर्धी काळी, अर्धी पांढरी राहिली तर तांडा हसंल, आन् माझं नाव जिल्ह्यात बुडंल. आता एकच विचारा. मोलाचं असंल ते."

मघापासून रूपाबाईंनी गाडीकडं एकदाही धड पाहिलं नव्हतं, आता पाहिलं. हातातल्या बलोयांवरून बोट फिरवत बसल्या. म्हणाल्या तेव्हा आवाज इतका लहान होता की उजैरला टोपण काढावं लागलं.

"त्या दिवशी... सकाळी मी म्हशीची धार काढून आले. चहा ठेवला. हे खाटेवरच. मी हाक मारली. उठंनात. मंग मी लई बोलले. आळशी म्हणले, नाईकपण मिरवता म्हणले, चहा निवून चालला म्हणले. दुसऱ्यांदा गरम केला आन् परत बोलले. मला कुठं ठाऊक..." त्या थांबल्या. "विचार त्यांना. ते समदं त्यांनी ऐकलं का... का त्याच्या आधीच गेले होते."

मामू दारात येऊन उभा राहिला होता. डोक्यावरची टोपी त्यानं नीट केली.

उजैरनं खटका दाबला. बंदुकीतून आता सलग धार येत नव्हती, ती अडखळत होती. तो काचेजवळ वाकला. आतला तो गोल लहान झाला, मोठा झाला. मग बराच वेळ मोठाच राहिला.

"ऐकलं म्हणतात," उजैर म्हणाला. त्याचा स्वतःचा आवाज त्याला परका वाटत होता. "म्हणतात... उठूनच राहिलो होतो. हळूहळू."

रूपाबाईंनी ओढणी तोंडाला लावली. त्या रडत होत्या की हसत होत्या, ते त्या आरशांच्या लखलखाटात कळेना. जरा वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बरं. आता उतरा तरी. मला बसू द्या."

बंदूक बंद होती. कोणीच काही ऐकलं नाही. पण गाडीतून कर्र... असा आवाज आला. इतकी वर्षं खोल दबून बसलेली पुढची डावी सीट स्प्रिंगांवर वर येऊ लागली. कर्र... थांबली. परत कर्र... कमरेला हात लावून म्हातारा माणूस उठतो, तशी. पूर्ण वर आली आणि त्या बाजूचं दार आपोआप बोटभर उघडलं.

हे मामूनंही पाहिलं. तो नंतर रस्त्यावरच्या चहाच्या टपरीजवळ सापडला.

उरल्या बर्फात उजैरनं पुढची सीट, समोरचा डॅशबोर्ड आणि दोन्हीकडची दारं साफ केली. मागच्या बाजूला पोचेपर्यंत पेटीत नुसता धूर होता. शंकरसिंगनं मागच्या सीटवर चादर टाकली, मागच्या डिकीवर झेंडूच्या माळा सोडल्या, आणि मागून कोण बघतंय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाडी मांडवाबाहेर उभी राहिली तेव्हा तांडा बघत राहिला. साय ओतल्यासारखा पांढरा रंग. मामू चालवायला, शेजारी पाठराखीण रूपाबाई, ताठ मानेनं. मागं निलम आणि सुदाम. गाडी निघाली. त्याच गर्दीत कुरुंद्याच्या एका हळदीच्या व्यापाऱ्यानं उजैरच्या खांद्यावर हात ठेवला. घरी जुनी जीप होती म्हणाला. खतीजाबीनं त्या संध्याकाळी दुआमध्ये जीप वाढवली.

चार दिवसांनी निलम नवऱ्याला घेऊन माहेरी आली. उजैर राहिलेली मागची बाजू उरकायला पेटीभर ताजा बर्फ घेऊन तांड्यावर गेला होता. लिंबाखाली सगळे बसले होते, मामूही. चहा झाला. गाडीचं कौतुक झालं.

"बरा झाला ना प्रवास?" उजैरनं निलमला विचारलं.

"मस्त झाला. जरा दाटी झाली मागं, तेवढंच."

"दाटी कशाची?" रूपाबाई म्हणाल्या. "पुढं आमी दोघं, मागं तुमी दोघं."

"आन् त्या आजी," निलम म्हणाली. "आमच्या मधी बसल्या होत्या त्या."

मामूनं चहाची बशी खाली ठेवली.

"मी काही बोललो न्हाई," सुदाम म्हणाला. "तुमच्याकडच्या दुसऱ्या पाठराखीण असतील म्हणलं. मी पाया बी पडलो."

"आमच्याकडच्या?" निलम त्याच्याकडं वळली. "मला वाटलं तुमच्याकडच्या. पूर्ण रस्ताभर माझा हात धरून बसल्या होत्या. केवढा गार हात, आन् कोपरापर्यंत गोंदलेला..."

रूपाबाईंनी अगदी सावकाश विचारलं, "काही बोलली का ती?"

"एकदाच," निलम हसत म्हणाली. "सासरचं गाव आलं तसं कानात म्हणाल्या. पहिलं लेकरू झालं की मीच येते त्याला घ्यायला."